प्रबंध कानांनी वाचता यावा म्हणून: मराठी संशोधन दिव्यांग वाचकांपर्यंत नेण्याची कृती

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गातला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. जन्मापासून अंध. ऊसतोड मजूर बायकांच्या स्थलांतरावर त्याला लघुप्रबंध करायचा होता, आणि माझा पीएच.डी.चा प्रबंध त्याच विषयावरचा, तोही मराठीत. मी लगेच पीडीएफ पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मॅडम, तुमचा प्रबंध इंग्रजीत आहे का?"

मी म्हटलं, नाही रे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मराठी. त्याने लॅपटॉप उघडला आणि बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकवलं: ई, जे, के, बी, एच. पडद्यावर मला स्वच्छ 'मराठी' हा शब्द दिसत होता. त्याच्या कानावर मात्र ही पाच इंग्रजी अक्षरं पडत होती.

माझा प्रबंध मी डीटीपीवाल्याकडून कृतिदेव फाँटमध्ये करून घेतला होता. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, आकृती असे जे जुने फाँट आपल्याकडे वर्षानुवर्षं चालले, ते इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवतात. कृतिदेवमध्ये ई या कळीवर 'म'चं चित्र, जे वर 'र', के वर काना, कॅपिटल बी वर 'ठ', एच वर दीर्घ वेलांटी. डोळ्यांना मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात मराठीचं एकही अक्षर नसतं. स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पोटातलं वाचतो. साडेतीनशे पानांचा माझा प्रबंध त्या मुलासाठी कोरा होता.

त्यानंतर मी जे शिकले, बरंचसं त्याच्याकडूनच, ते इथे क्रमाने लिहिते आहे. प्रबंध, शोधनिबंध, प्रकल्प अहवाल, क्षेत्रकार्याच्या नोंदी असं काहीही मराठीत लिहिणाऱ्यासाठी हे आहे. एक गोष्ट आधीच सांगते: हे काम बाइंडिंगच्या आदल्या दिवशी करायचं नसतं. पहिली ओळ टाइप करतानाच त्यातलं निम्मं होऊन जातं, आणि तेव्हा केलं तर त्याला वेगळा वेळ लागत नाही. मला सगळं नंतर करावं लागलं, त्यात अख्खी उन्हाळी सुट्टी गेली.

कायद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि माहिती सुगम्य स्वरूपात मिळणं हा हक्क मानला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. ही नोंद जुन्या, कमी प्रकारांच्या यादीवर झालेली आहे. "पण आमच्या विभागात तर कोणी अंध विद्यार्थी नाही," असं मला अनेकदा ऐकवलं जातं. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की तो तुमच्या विभागाचा राहत नाही. उद्या गडचिरोलीत बसून तो कोण उघडेल, हे तुम्हाला कळणारही नाही.

आधी अक्षरं खरी आहेत का ते बघा

परीक्षा एका मिनिटाची आहे. आपली पीडीएफ उघडा, एक परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी जशीच्या तशी उतरली तर उत्तम. इंग्रजी अक्षरांचा चिवडा आला तर फाँट जुना आहे. काहीच कॉपी झालं नाही तर तुमच्या हाती पानांचे नुसते फोटो आहेत. दुसरी परीक्षा: कंट्रोल आणि एफ दाबून आपल्याच विषयातला एखादा शब्द, समजा 'मुकादम', शोधा. सापडला नाही तर तो कोणालाच सापडणार नाही, डोळसांनाही नाही.

नवीन काम असेल तर ते युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे ज्या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असतो तिच्यात. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला दोनेक आठवडे लागतात; तेवढं नको असेल तर फोनवर बोलून किंवा उच्चारानुसार टाइप करणारी साधनं आहेत. डीटीपीवाल्याला काम देताना एकच वाक्य सांगा: "युनिकोडमध्ये हवं, आणि मला पीडीएफबरोबर वर्डची फाइलही द्या." मंगल, निर्मला, कोकिळा, मुक्त, नोटो यांतला कुठलाही फाँट चालतो.

जुनी फाइल असेल तर ती बदलून घ्यावी लागते. कृतिदेव किंवा श्रीलिपीचं युनिकोड करणारे रूपांतरक मोफत मिळतात. प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा असतो, म्हणून आधी फाँटचं नेमकं नाव बघा. त्यात इंग्रजी शब्द असतील तर तेही रूपांतरित होऊन त्यांची विचित्र देवनागरी होते, हे लक्षात ठेवा. आणि रूपांतर झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. रफार हमखास सरकतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, 'श्र' आणि 'क्ष' फुटतात. सगळ्यांत घातक 'ऱ्य'. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं की डोंगरातली दरी समुद्रात बुडते. 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' झालं की स्वयंपाकी गुरुजी होतात. डोळे संदर्भाने सावरून घेतात. यंत्राचा आवाज समोर आहे तेच बोलतो.

युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुरातही काही सवयी आड येतात. 'दुःख' लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची कळ दाबायची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. दिसायला फरक नाही, पण आवाज 'दु' म्हणून थांबतो आणि मग 'ख' म्हणतो. 'ॲ' हे एकच अक्षर आहे. काहीजण 'अ' लिहून त्यावर चंद्र ठेवतात, मग शोधताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. मथळा भारदस्त दिसावा म्हणून 'प्र क र ण ति स रे' असं अक्षरं तोडून लिहिलं की ते तसंच तुटक ऐकू येतं. दोन भागांमध्ये ताऱ्यांची रांग घातली की ऐकणाऱ्याला 'स्टार स्टार स्टार' ऐकत बसावं लागतं. यातलं बरंचसं शोधा-आणि-बदला वापरून एका बैठकीत सुधारता येतं.

शेवटी संपूर्ण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा. वर्डमध्ये 'रिव्ह्यू'मध्ये 'लँग्वेज' आहे, तिथे सगळा मजकूर निवडून मराठी लावायची आणि इंग्रजी अवतरणं असतील तेवढ्यांना इंग्रजी. भाषेची खूण चुकीची असेल तर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लागू शकतो, आणि तो आवाज देवनागरी शब्द गाळून पुढे जाऊ शकतो.

मथळे ठळक करू नका, मथळे म्हणून नोंदवा

तुम्ही छापील प्रबंध हातात घेता तेव्हा पहिल्या पानापासून वाचत नाही. चाळता, अनुक्रमणिका बघता, मधलं प्रकरण उघडता. अंध वाचकालाही हेच करायचं असतं. स्क्रीन रीडरमध्ये एच कळ दाबली की तो पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. पण ही उडी जमते केव्हा? मथळा वर्डच्या 'हेडिंग' शैलीत असेल तेव्हाच. नुसता ठळक करून, अठराच्या आकारात, मध्यभागी ठेवलेला मथळा डोळ्यांना मथळा वाटतो; यंत्रासाठी ती बाकीच्या ओळींसारखीच एक ओळ.

म्हणून प्रकरणाच्या नावाला हेडिंग १, मोठ्या मुद्द्याला हेडिंग २, उपमुद्द्याला हेडिंग ३. मधली पायरी गाळायची नाही. या शैलींचा रंग-आकार आवडत नसेल तर शैली बदला, पण शैली वापरा. त्यातून अनुक्रमणिका आपोआप तयार होते, पानांचे क्रमांक हाताने टाकावे लागत नाहीत, आणि गाईडने शेवटच्या आठवड्यात प्रकरणांची अदलाबदल सांगितली तरी रडू येत नाही.

याच हिशेबाने नवीन पानासाठी वीस वेळा एंटर न मारता कंट्रोल-एंटरने पानतोड घ्या. याद्या करताना आकडे हाताने टाइप न करता यादीचं बटण वापरा. तळटीप तळटीपेच्या सोयीनेच घाला. वर छोटा आकडा आणि पानाच्या तळाशी हाताने लिहिलेली ओळ यांचा संबंध यंत्राला लागत नाही, आणि ती ओळ चालू वाक्याच्या मधेच कानावर आदळते.

आणि लिहिताना जागेच्या भाषेत बोलू नका. 'वरील तक्त्यात', 'उजवीकडील आकृतीत', 'लाल रंगात दाखवलेली गावं' हे ऐकणाऱ्याला काही सांगत नाही. 'तक्ता ४.२ मध्ये' म्हणा. मुलाखतीच्या उताऱ्यांत संशोधकाचे प्रश्न ठळक आणि उत्तरं साधी ठेवायची पद्धत आहे. स्क्रीन रीडर ठळकपणा सहसा बोलून दाखवत नाही, म्हणून कोण बोलतंय ते शब्दांत लिहा: 'प्रश्न', 'उत्तर', किंवा सहभागीचा संकेतांक.

तक्ते

समाजशास्त्राचा प्रबंध म्हणजे तक्त्यांचं जंगल, आणि वाट चुकते ती इथेच. एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला तक्ता स्क्रीनशॉट काढून चिकटवणं सर्वांत वाईट. तो तक्ता नव्हे, चित्र. टॅब आणि स्पेस देऊन जुळवलेले रकानेही तसेच: ऐकताना एका ओळीतले सगळे आकडे एका दमात येतात आणि कुठला आकडा कशाचा ते हरवतं.

खरा तक्ता घाला. पहिली ओळ शीर्षकांची म्हणून नोंदवा. वर्डमध्ये तक्त्याच्या 'लेआउट'मध्ये 'रिपीट हेडर रोज' आहे. मग ऐकणारा कंट्रोल, ऑल्ट आणि बाण वापरून एका चौकटीतून दुसरीत जातो तेव्हा यंत्र त्याला रकान्याचं नावही सांगतं: "स्त्रिया, ७६". चौकटी एकमेकींत मिसळू नका. रिकामी चौकट रिकामी ठेवू नका, 'माहिती नाही' किंवा 'लागू नाही' लिहा, कारण रिकामी चौकट ऐकली की मनात शंका राहते की यंत्राने काही सोडलं. एका तक्त्यात तीन तक्ते कोंबले असतील तर ते तोडून तीन करा. माझे नऊ तक्ते तोडावे लागले, आणि तोडल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांतल्या दोन तक्त्यांतून मी नेमकं काय म्हणत होते ते मलाच तेव्हा धड कळलेलं नव्हतं.

प्रत्येक तक्त्याआधी एक-दोन वाक्यांत त्याचा सांगाडा आणि निष्कर्ष द्या: किती ओळी, किती रकाने, काय दिसतं. तोंडी परीक्षेलाही ही वाक्यं उपयोगी पडतात.

आकृती शब्दांत सांगायची म्हणजे काय

चित्रावर उजवी कळ दाबली की 'ऑल्ट टेक्स्ट' येतं. तिथे लिहिलेलं डोळ्यांना दिसत नाही, पण कानांना मिळतं. बहुतेक ठिकाणी तिथे 'आकृती १' असतं, किंवा यंत्राने आपल्या मनाने काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. दोन्ही निरुपयोगी.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या साक्षरतेचा स्तंभालेख आहे, २००१ आणि २०११ च्या जनगणनांवरचा. 'साक्षरता दाखवणारा रंगीत आलेख' असं लिहिलं तर ऐकणाऱ्याला काय मिळालं? आता हे बघा: 'स्तंभालेख. महाराष्ट्रातील साक्षरता, टक्क्यांत. पुरुष: २००१ मध्ये ८५.९७, २०११ मध्ये ८८.३८. स्त्रिया: २००१ मध्ये ६७.०३, २०११ मध्ये ७५.८७. दोहोंमधलं अंतर जवळपास १९ टक्केबिंदूंवरून साडेबारा टक्केबिंदूंवर आलं.' आधी प्रकार, मग विषय, मग आकडे, मग तुम्ही ही आकृती ज्यासाठी घातली ती गोष्ट. रंग, सावल्या, स्तंभांची जाडी यांचा उल्लेख नको.

आकडे फार असतील तर वर्णनात फक्त कल सांगा आणि आकड्यांचा तक्ता परिशिष्टात द्या. नकाशाचंही तसंच: 'महाराष्ट्राचा नकाशा' एवढं पुरत नाही, कुठल्या जिल्ह्यांतून कुठल्या जिल्ह्यांकडे मजूर जातात ते लिहा. सजावटीची वेलबुट्टी किंवा विद्यापीठाचं बोधचिन्ह दर पानावर येत असेल तर त्याला 'डेकोरेटिव्ह' अशी खूण करा, म्हणजे यंत्र ते गाळेल.

क्षेत्रकार्यातल्या छायाचित्रांबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे. वर्णन लिहिताना आपण न विचारता माणसांवर शिक्के मारतो: 'गरीब बाई', 'दुःखी चेहरा', कपड्यांवरून जात. जे दिसतं ते लिहा: 'कोयता हातात धरलेली स्त्री उसाच्या मोळीशेजारी उभी आहे, मागे बैलगाडी आणि पाचटाचं कोपटं.' आणि फोटोसाठी घेतलेली संमती वर्णनालाही लागू धरा. चेहरा धूसर करून ओळख लपवलेली असेल तर वर्णनातून ती उघड होऊ देऊ नका.

रंगांबद्दल: लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारे विद्यार्थी जवळपास प्रत्येक मोठ्या वर्गात असतात, आणि ते बोलून दाखवत नाहीत. रेषालेखात रंगाबरोबर रेषेचा प्रकारही बदला, एक सलग, एक तुटक. नावं शेजारीच लिहा, कोपऱ्यातल्या रंगसूचीत नको. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकासाठी जगभर वापरलं जाणारं प्रमाण किमान ४.५ : १ आहे, मोठ्या अक्षरांना ३ : १, ते मोजून देणारी साधनं मोफत आहेत. पांढऱ्यावर फिकट करडा मजकूर त्यात नापास होतो.

सूत्रं, आणि पुण्यातला एक विद्यार्थी

संख्याशास्त्राची सूत्रं लोक चित्र म्हणून चिकटवतात. ती वर्डच्या 'इक्वेशन'मध्ये किंवा लेटेक या सूत्रं शब्दखुणांनी लिहायच्या प्रणालीत लिहा. का, हे समजायला टी. व्ही. रामन यांचं काम आठवावं. ते पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली, पुढे आयआयटी मुंबईत शिकले, आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जो प्रबंध दिला त्याचा विषय हाच होता: गणिती मजकूर कानांनी कसा वाचायचा. त्यांची यंत्रणा लेटेकमध्ये लिहिलेले लेख वाचायची, कारण लेटेकमध्ये अंश कुठे संपतो, छेद कुठे सुरू होतो, वर्गमुळाखाली किती भाग आहे हे सगळं लिहिलेलंच असतं. चित्रात ते नसतं. त्यांना मिळालेल्या पुरस्कारांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते की तीस वर्षांपूर्वी एका अंध संशोधकाने दाखवून दिलेली वाट अजून आपल्या विभागांत पोचायची आहे.

पीडीएफ बनवताना

इथे एका चुकीच्या बटणाने आतापर्यंतचं सगळं काम वाया जातं. 'प्रिंट'मध्ये जाऊन पीडीएफ काढली तर मथळे, तक्ते, चित्रांची वर्णनं या सगळ्या खुणा गळून पडतात. 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ निवडा, पर्यायांमध्ये 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी'वर खूण आहे का बघा. लिब्रेऑफिसमध्ये 'टॅग्ड पीडीएफ' असा पर्याय मिळतो. पीडीएफला परवलीचा शब्द किंवा कॉपीबंदी लावू नका. त्याने स्क्रीन रीडरही अडू शकतो.

दुसरी चूक सह्यांची. प्रमाणपत्रावर, प्रतिज्ञापत्रावर गाईडची सही लागते, म्हणून कित्येकजण अख्खा प्रबंध छापतात, सही घेतात आणि सगळा स्कॅन करून पाठवतात. सहीची चार पानं स्कॅन करा आणि मूळ पीडीएफमध्ये तेवढीच बदला. त्या चार पानांतला मजकूरही पुढच्या पानावर टाइप करून द्या.

आणि हे देवनागरीपुरतं: मजकूर युनिकोडमध्ये असूनही पीडीएफ झाल्यावर कधीकधी जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटते. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या साठवल्या जातात, आणि त्यामागची मूळ अक्षरं दर वेळी नीट जोडलेली नसतात. म्हणून नोटपॅडची परीक्षा पीडीएफ काढल्यानंतर पुन्हा करा, आणि पीडीएफबरोबर वर्डची किंवा ईपबची (ई-पुस्तकाच्या स्वरूपातली) फाइल द्याच. माझा तर अनुभव असा की अंध विद्यार्थी मराठीसाठी पीडीएफ टाळतात, वर्ड मागतात. कमी दिसणाऱ्यांनाही तेच सोयीचं, कारण अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि ओळी पडद्याबाहेर पळत नाहीत. त्यांच्यासाठी ओळी डावीकडून जुळवा. दोन्ही कडा सारख्या केल्या की शब्दांमध्ये खड्डे पडतात.

फक्त छापील प्रत उरली असेल तर

३०० डीपीआयवर, सरळ, एकेक पान स्कॅन करा. गूगल ड्राइव्हमध्ये चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. टेसरॅक्ट हे मुक्त साधनही मराठी ओळखतं. त्यानंतर मुद्रितशोधनाला पर्याय नाही. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल, पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव प्रत्येक वेळी वाक्याच्या मधे, तक्ते विस्कटलेले. एखाद्या विद्यार्थ्याला तातडीने हवं असेल तर आधी त्याला लागणारं एकच प्रकरण करून द्या, बाकीचं मागाहून.

इथे ग्रंथपाल विचारतात, हे कायद्याने चालतं का? चालतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी, नफा न कमावता, पुस्तक सुगम्य स्वरूपात करून देण्याची मुभा दिली आहे. अंध वाचकांसाठीच्या माराकेश करारालाही २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. आपल्या ग्रंथालयाने केलेली पुस्तकं अशा ठिकाणी पोचली तर दुसऱ्या गावात तेच पुस्तक कोणी पुन्हा टाइप करत बसणार नाही.

कान, समज आणि सभागृह

सुगम्य म्हटलं की अंध वाचकच डोळ्यांसमोर येतात, मीही वर तेच केलं. पण कर्णबधिर वाचकाचा प्रश्न वेगळा आहे. मुलाखतींच्या ध्वनिफिती, व्हिडिओ यांना मराठी मथळपट्ट्या (बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी) आणि पूर्ण लेखी उतारा हवाच. पण लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्यांसाठी लेखी मराठी ही दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ती हातांनी बोललेली मराठी नव्हे. दिल्लीत २०१५ मध्ये तिच्या संशोधन आणि प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र झालं, त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द जमले होते. प्रबंधाचा पाच मिनिटांचा सारांश दुभाष्याकडून करून घेणं परवडण्यासारखं असतं. संशोधनाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात त्याची ओळ पहिल्याच दिवशी घाला, नंतर पैसे उरत नाहीत.

सोप्या मराठीतला दोन पानी सारांश मात्र प्रत्येकाने लिहावा. बौद्धिक अक्षमता असलेल्या वाचकांसाठी, वाचनअक्षमता असलेल्यांसाठी, आणि ज्यांच्याशी बोलून तुम्ही प्रबंध लिहिलात त्यांच्यासाठी. एका वाक्यात एकच गोष्ट. 'संरचनात्मक विषमता' ऐवजी 'काम सारखं, पण बाईच्या हातात पैसे येत नाहीत; उचल नवऱ्याच्या नावावर असते'. असा सारांश लिहायला मला प्रबंधाच्या एखाद्या प्रकरणाइतका वेळ लागला. तो मोठ्या अक्षरात छापा, आणि स्वतःच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवा.

सहभागी व्यक्ती दिव्यांग असेल तर सुगम्यतेची सुरुवात संमतिपत्रापासून होते. अंध व्यक्तीला ते आदल्या दिवशी ऐकण्याच्या स्वरूपात द्या, म्हणजे घाईत, दुसऱ्याच्या भरवशावर अंगठा घ्यायची वेळ येणार नाही.

चर्चासत्रात किंवा व्हायव्हाला स्लाइडवर जे आहे ते तोंडाने सांगा. 'हे इथे बघा' असं न म्हणता 'या आलेखात स्त्रियांची मजुरी पुरुषांच्या निम्मी आहे' असं म्हणा. ध्वनिक्षेपक वापरा, 'माझा आवाज मोठा आहे' म्हणून तो बाजूला सारू नका. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला त्याने फरक पडतो. स्लाइड्सची फाइल आदल्या दिवशी द्या.

तपासणी

वर्डमध्ये 'रिव्ह्यू'खाली 'चेक ॲक्सेसिबिलिटी' आहे. ते वर्णन नसलेली चित्रं, शीर्षक नसलेले तक्ते शोधून देतं. वर्णन बरोबर आहे की नाही हे त्याला कळत नाही, आणि कृतिदेवमधल्या मजकुराला तर ते सहज पास करतं.

म्हणून स्वतः ऐका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध प्रोग्रामरने त्याची सुरुवात केली आणि आज आपल्याकडचे असंख्य विद्यार्थी त्यावरच शिकतात. तो बसवा, पडदा बंद करा आणि कळफलकावरून आपल्याच प्रबंधातला एक ठरावीक तक्ता शोधून दाखवा. फोनवर करायचं तर ॲंड्रॉइडमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. पहिले दहा मिनिटं गोंधळ उडेल, तो तुमच्या सवयीचा. त्यानंतरही तक्ता सापडला नाही तर तो दोष फाइलचा.

शेवटी, रोज असंच वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. मुद्रितशोधकाला देता तसं त्याला मानधन द्या, कारण हे त्याच दर्जाचं काम आहे. आणि फाइलच्या पहिल्या पानावर एक ओळ ठेवा: 'ही फाइल वाचताना अडचण आल्यास कृपया कळवा, हव्या त्या स्वरूपात पाठवू,' खाली चालू असलेला ईमेल.

माझा दुरुस्त प्रबंध मी त्या विद्यार्थ्याला जूनमध्ये पाठवला. आठवड्याने त्याचा फोन आला. आवाजात जरा संकोच होता. "मॅडम, तक्ता ४.७ मध्ये तिसऱ्या ओळीची बेरीज जुळत नाहीये. मी तीन वेळा ऐकलं." मी जुनी छापील प्रत काढली. टाइप करताना एका संख्येतल्या दोन अंकांची अदलाबदल झाली होती, आणि माझ्यासह गाईड, परीक्षक, समिती, कोणाच्याच नजरेला ती पडली नव्हती. प्रत्येक चौकटीत थांबून तो तक्ता पूर्ण वाचणारा तो पहिलाच. आकडे दुरुस्त करून मी फाइल पुन्हा दिली, आणि त्याला विचारून ऋणनिर्देशात त्याचं नाव घातलं.